फाटकाशीच कळतं: मलबार हिलचा निसर्ग उन्नत मार्ग आणि धारावीसमोरचं निसर्ग उद्यान

मुंबईत झाडांच्या सावलीत तासभर घालवायचा असेल तर दोन अगदी टोकाच्या जागा आहेत. एक मलबार हिलवर, कमला नेहरू उद्यानाच्या मागच्या उतारावर: महापालिकेचा निसर्ग उन्नत मार्ग, ३० मार्च २०२५ ला, गुढीपाडव्याला उद्घाटन झालेला. दुसरी सायन-वांद्रे लिंक रोडवर, धारावी बस आगारासमोर: एमएमआरडीएच्या, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या अखत्यारीतलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान, १९९४ पासून खुलं. पहिल्याच्या फोटोंचा इन्स्टाग्रामवर खच पडलेला असतो. दुसऱ्यासमोरून बीकेसीला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कचेऱ्यांत, जाणारी गर्दी रोज जाते आणि त्यातल्या कित्येकांना ती झाडी कुठल्यातरी सरकारी कचेरीची हद्द वाटते.

दोन्ही जागा सार्वजनिक पैशातून उभ्या राहिल्यात, म्हणून दोन्हींना इथे एकच प्रश्न विचारला आहे. ज्याच्या घराची खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारची भिंत लागते, त्या माणसाच्या वाट्याला इथे काय येतं? झाडांची संख्या, पक्ष्यांच्या याद्या, ड्रोनमधून घेतलेले देखावे हे सगळं त्यानंतर. या प्रश्नाला संशोधनाचा आधार आहे. २००८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मिचेल आणि पॉपहॅम यांचा इंग्लंडच्या आकडेवारीवरचा अभ्यास आला. हिरवाई जास्त असलेल्या भागांत श्रीमंत आणि गरीब यांच्या मृत्युदरांतली तफावत तुलनेने कमी आढळली. थोडक्यात, हिरव्या जागेची गरज आणि तिचा फायदा ज्यांच्या हाताशी दुसरं काही नाही त्यांना जास्त. आता त्यांना आत जाता येतं का, ते बघू.

मलबार हिल

मार्गाची लांबी सुमारे ४८५ मीटर, रुंदी २.४ मीटर. सिरी रोडच्या बाजूने शिरायचं, लाकडी फळ्यांवरून झाडांच्या फांद्यांच्या उंचीवर चालत जायचं. मध्ये काचेच्या तळाचा सज्जा आहे, तिथून गिरगाव चौपाटी दिसते. कल्पना सिंगापूरच्या ट्री टॉप वॉकवरून घेतलेली आहे आणि ती कोणी लपवलेलीही नाही. वेळ पहाटे ५ ते रात्री ९. तिकीट भारतीयांना २५ रुपये, परदेशी पाहुण्यांना १००. एक तासाची एक खेप आणि खेपेला २०० माणसं. महापालिकेच्या संकेतस्थळावर नोंदणी करायची, मोबाइलवर आलेला क्यूआर कोड दाखवायचा, आत जायचं.

आधी चांगलं काय ते. तीव्र उताराच्या टेकडीवर जमिनीवरून पायवाट काढली की तीन गोष्टी ठरलेल्या असतात: हजारो पावलांखाली माती दगडासारखी घट्ट होते, मुळांना हवा मिळेनाशी होते, आणि पहिल्याच पावसाळ्यात वाटेचा ओहोळ होतो. लोक मग चिखल टाळायला कडेने चालतात, वाट दरवर्षी हातभर रुंदावते आणि झाडोरा मागे सरकतो. खांबांवर उचललेल्या मार्गाने हे सगळं टळतं. जमिनीला धक्का लागतो तो फक्त खांबाच्या पायाशी. पाऊस फळ्यांच्या फटींतून खाली पडतो आणि पालापाचोळा जागच्या जागी कुजतो. झाडं न तोडता मार्ग नेल्याचं महापालिका सांगते. अशा उतारावर ते साधायला हीच पद्धत योग्य होती. पहाटे ५ ते रात्री ९ ही वेळही शहरातल्या कित्येक बागांनी शिकावी अशी.

आता गणित. ४८५ गुणिले २.४ म्हणजे ११६४ चौरस मीटर. २०० जणांत वाटलं तर माणशी सहा चौरस मीटरला जरा कमीच. कागदावर ऐसपैस, पण माणसं सारख्या अंतरावर पसरत नाहीत. ती काचेच्या सज्जाशी आणि वळणांवर गोळा होतात. दोन्ही कठड्यांशी फोटो काढणारी एकेक रांग उभी राहिली की प्रत्येकी साठ सेंटिमीटर गेले, मध्ये उरतात १.२ मीटर. व्हीलचेअरला सरळ जायला ०.९ मीटर लागतो, म्हणजे जाता येतं, पण समोरून बाबागाडी आली तर कोणीतरी थांबायला हवं. त्यामुळे २०० ची मर्यादा अजिबात चुकीची नाही. सुट्टीच्या दिवशी ती १५० वर आणली तरी हरकत नसावी.

खटकतो तो तास. झाडांमध्ये गेल्यावर डोकं हलकं होण्याचा जो काही गुण आहे, त्याला घड्याळाची टोचणी मानवत नाही. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला: आठवड्याला १२० मिनिटं किंवा जास्त निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आपली तब्येत चांगली आहे असं सांगणाऱ्यांचं प्रमाण लक्षणीय जास्त होतं. वेळ एकदम घालवला की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडत नव्हता. हे सहसंबंधाचं निरीक्षण आहे, डॉक्टरची चिठ्ठी नव्हे. पण मोजायला माप म्हणून सोयीचं. त्या मापाने चौघांच्या कुटुंबाने आठवड्याला दोन खेपा केल्या तर चार आठवड्यांचे ८०० रुपये होतात. त्यावर बसभाडं वेगळं. ज्या घरात महिन्याच्या मोबाइल रिचार्जचाही हिशेब होतो तिथे ही रक्कम खर्च होणार नाही. ते कुटुंब वर्षातून एकदा येईल, सज्जावर फोटो काढेल आणि जाईल. सहल म्हणून उत्तमच, पण आरोग्याला उपयोगी पडते ती सवय, आणि २५ रुपयांचं तिकीट सवय लागू देत नाही.

दुसरी अडचण नोंदणीची. स्मार्टफोन, डेटा, ऑनलाइन पैसे भरण्याची सवय आणि शनिवार-रविवारच्या खेपा कधी भरतात याचा अंदाज, एवढं सगळं ज्याच्याकडे आहे त्यालाच हवी ती वेळ मिळते. उपाय साधा आहे. खेपेतल्या २०० पैकी ५० जागा फाटकावरच्या खिडकीसाठी राखायच्या, रोख पैसे घ्यायचे आणि उरल्या तर दहा मिनिटं आधी ऑनलाइन सोडून द्यायच्या. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारच्या खेपा तशाही रिकाम्या राहण्याचीच शक्यता जास्त. त्या महापालिका शाळांना आणि ज्येष्ठांना फुकट दिल्या तर तिजोरीला काही ओरखडा पडणार नाही.

आणि तिजोरीचाच विषय निघाला म्हणून: बातम्यांमध्ये या मार्गाचा खर्च २५ ते ३० कोटींच्या घरात सांगितला गेला. खालचा आकडा धरला तरी मीटरला पाच लाखांहून जास्त. ज्या टेकडीवर हँगिंग गार्डन आणि म्हातारीच्या बुटाचं कमला नेहरू उद्यान अशा दोन प्रसिद्ध फुकट बागा रस्त्याच्या दोन बाजूंना आधीच आहेत, तिथे तिसरी हिरवी सोय आणि तीही तिकिटाची. शहरी वनांचे अभ्यासक सेसिल कोनाइनेंडाइक यांनी २०२१ मध्ये मांडलेला ३-३०-३०० चा ठोकताळा लावून बघा: घरातून किमान तीन झाडं दिसावीत, वस्तीवर तीस टक्के झाडांचं छत्र असावं, तीनशे मीटरच्या आत बाग असावी. मलबार हिल या परीक्षेत मार्ग बांधण्याआधीच पास होतं. नवीन हिरव्या जागेचा पैसा कुठल्या वॉर्डात जावा हे ठरवताना असा साधा तक्ताही समोर नसतो, हे जास्त बोचतं.

देखभालीबद्दल दोन शब्द, कारण असे मार्ग उद्घाटनाला सुंदर दिसतात आणि तिसऱ्या पावसाळ्यात कळतात. मुंबईच्या दमट सावलीत लाकडावर जूनअखेर शेवाळ धरतंच. फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात, पृष्ठभागावर खाचा हव्यात आणि दोन फळ्यांत ५-६ मिलिमीटर फट. फट कमी असली की पानं अडकून कुजतात आणि तिथून लाकूड सडायला लागतं. १० मिलिमीटरच्या पुढे गेली की काठीचं टोक आणि बारीक टाच अडकते. सफाई कडक ब्रशने आणि पाण्याने, पावसाळ्यात आठवड्याला एकदा तरी. ब्लीचिंग पावडर नको, ती फटीतून थेट मुळांवर जाते. समुद्र इतका जवळ असताना साध्या जस्तलेपाचे स्क्रू काही वर्षांत गंज सोडतात, मग फळी पायाखाली हलायला लागते. ३१६ दर्जाचं स्टेनलेस इथे चैन नाही. झाडाचं खोड फळ्यांच्या मधून वर येत असेल तर भोवती किमान १५० मिलिमीटर मोकळं ठेवायचं आणि दरवर्षी मोजायचं. खोड वाढतं, भोक वाढत नाही. काच ओली असली की जपून पाऊल टाकावं, रबरी तळाचे बूट घालावेत.

कचऱ्यावरचं जंगल

धारावीसमोरच्या उद्यानाचं क्षेत्र ३७ एकर, म्हणजे सुमारे १५ हेक्टर. १९७७ पर्यंत इथे मुंबईचा कचरा टाकला जात होता. जंगल करण्याची कल्पना डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या निसर्गसंवर्धन संस्थेची. १९८३ मध्ये पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या हातून लागवडीची सुरुवात झाली, १९९१ मध्ये संरक्षित वनाचा दर्जा मिळाला आणि २२ एप्रिल १९९४ ला, वसुंधरा दिनी, लोकांना आत सोडलं.

पहिलं रोप आणि उघडलेलं फाटक यांत ११ वर्षं गेली. आज कुठल्याही महापालिकेची बागेची निविदा काढून बघा. मुदत फार तर दीड वर्ष आणि उद्घाटनाच्या फोटोत हिरवं दिसलंच पाहिजे. त्यामुळे ठेकेदार मेक्सिकन गवताचे गालिचे अंथरतो, क्रेनने ताडाची तयार झाडं उभी करतो, कडेला बोगनवेल. गवताला उन्हाळ्यात चौरस मीटरमागे रोज चार-पाच लिटर पाणी लागतं, सावली शून्य, आणि वर पाटी: ‘हिरवळीवर चालू नये’. ज्या पृष्ठभागावर सगळ्यात जास्त पाणी खर्च होतं त्याच्यावर पाय ठेवायला बंदी. असला हिशेब सार्वजनिक बागेतच जमतो.

कचऱ्याच्या भरावावर झाड जगवणं हे वेगळंच तंत्र आहे, त्याचा थोडा खुलासा हवा. कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन वर येतो आणि मातीतला प्राणवायू हुसकावतो. रोप पहिलं वर्ष छान वाढतं. मुळं खालच्या थरात पोचली की शेंडा पिवळा पडतो आणि लोक म्हणतात पाणी कमी पडलं. आणखी पाणी घातलं की खालून काळं पाझर-पाणी वाढतं आणि झाड लवकर मरतं. म्हणून वर चांगल्या मातीचा थर द्यावा लागतो, झुडपांना अर्धा-पाऊण मीटर, मोठ्या झाडांना एक-दीड मीटर, आणि सुरुवातीला उथळ मुळांच्या, चिवट, लवकर वाढणाऱ्या जाती. त्यांचा पाला पडून माती तयार झाली की मग बाकीच्या. शिवाय जमीन वर्षानुवर्षं खचत राहते, तीही सगळीकडे सारखी नाही. त्यामुळे अशा जागी काँक्रीटच्या वाटा भेगाळतात. मुरमाच्या वाटा जमिनीबरोबर खाली बसतात आणि दोन टोपल्या मुरूम टाकून दुरुस्त होतात. कचराभूमीवर बाग करायला निघालेल्या प्रत्येक गावच्या अभियंत्याने अंदाजपत्रक करण्याआधी इथे एक फेरी मारावी.

आतलं वातावरण अस्सल आहे. झाडांचं छत्र एकमेकांत मिसळलेलं, खाली पाचोळा, पावसाचं पाणी साठवणारं तळं, रोपवाटिका, औषधी वनस्पती, आणि उत्तरेला मिठी नदीच्या काठाची खारफुटी. उद्यानात १४ हजारांवर झाडं असल्याचं सांगितलं जातं. काही संकेतस्थळांवर ते ‘१४ हजार जाती’ असं छापलेलं असतं, त्याकडे दुर्लक्ष करा. फुलझाडांच्या तेवढ्या जाती अख्ख्या महाराष्ट्रात नाहीत. लिंक रोडचा आवाज पूर्ण जात नाही. झाडांचा पट्टा आवाज थोडाच अडवतो, पण वाहनं नजरेआड झाल्यामुळे तो कमी जाचतो. मिठीचा वास मात्र ओहोटीला येतो, त्याला उद्यान काही करू शकत नाही. पावसाळ्यात डासांचं औषध अंगाला लावूनच जावं.

निसर्गाचा अनुभव म्हणून हे उद्यान मलबार हिलच्या कितीतरी पुढे आहे. वरच्या मार्गावर झाडं बघायची असतात, इथे झाडांमध्ये असायचं असतं. तिकीटही नाममात्र.

मग धारावीतली माणसं इथे का दिसत नाहीत?

उत्तर वेळापत्रकात आहे. उद्यान दिवसाउजेडी, जवळपास कचेरीच्या तासांत चालतं. समोरच्या वस्तीत कातड्याचं काम, शिलाई, कुंभारवाड्यातली भट्टी, तेरा कंपाउंडातलं भंगाराचं वर्गीकरण हे सगळं सकाळी सुरू होऊन रात्रीपर्यंत चालतं. कामगाराला मोकळा वेळ मिळतो तो सकाळी सातच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर. त्या दोन्ही वेळा फाटकाला कुलूप. शाळांच्या बस दूरदूरहून येतात, निसर्गशिबिरं होतात, ते कामही मोलाचंच आहे. पण नकाशावर तीनशे मीटरच्या आत राहणाऱ्याला हे जंगल बसच्या खिडकीतून दिसतं तेवढंच.

संध्याकाळी बंद ठेवण्याची कारणं खोटी नाहीत. हे संरक्षित वन आहे, रात्री वन्यजीवांना काळोख हवा, दाट झाडीत दिवे लावले तर कीटक आणि पक्ष्यांचं वेळापत्रक बिघडतं, साप असतात, रखवालदार थोडे. यावर तोडगा अख्खं उद्यान उघडण्यात नाहीच. रस्त्यालगतच्या फाटकापासून आत दोन-तीन एकरांची पट्टी निराळी काढावी. मधे साधं तारेचं कुंपण. ही पट्टी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ५ ते ८, फुकट. दिवे कमरेच्या उंचीचे, खाली तोंड केलेले, ३००० केल्विनपेक्षा (हे प्रकाशाच्या रंगाचं माप) पिवळट, रात्री ८ ला बंद. पाऊणशे पावलांवर एक बाक, फाटकाशी संडास आणि पाण्याचा नळ, दोन पाळ्यांत एक-एक रखवालदार, त्यातली एक तरी बाई. उरलेल्या ३४ एकरांची शांतता जशीच्या तशी.

दुसरा अडसर रस्त्याचा. लिंक रोडवर वाहनं वेगात असतात आणि वस्तीकडून उद्यानात येणाऱ्याला तो ओलांडावा लागतो. म्हाताऱ्या माणसाचा चालण्याचा वेग सेकंदाला ०.८ मीटर धरतात. २४ मीटर रुंदीचा रस्ता असेल तर त्याला सलग ३० सेकंद हिरवा दिवा हवा, किंवा मधे थांबायला किमान दोन मीटर रुंदीचा दुभाजक. पादचारी पूल सुचवू नये; गुडघे दुखणारा माणूस बागेत जायला चाळीस पायऱ्या चढत नाही. झेब्रा पट्ट्यांची पातळी पदपथाएवढी उचलून आणली तर वाहनं आपोआप मंदावतात आणि चाकाची खुर्चीही सरळ जाते.

धारावी पुनर्विकासाच्या हद्दीत हे उद्यान येतं की नाही यावरून मध्यंतरी बराच वाद झाला, न्यायालयापर्यंत गेला, उद्यान वगळल्याचं प्रशासनाने सांगितलं. चांगलंच झालं. पण हद्दीतून वगळल्याने झाडं वाचतात, फाटक उघडत नाही. समोर उद्या विक्रीच्या इमारती आल्या तर त्यांच्या जाहिरातीत ‘फॉरेस्ट व्ह्यू’ नक्की असेल. ज्यांनी कचऱ्याचा वास सोसला त्यांच्यासाठी आत यायची सोय त्याआधी झालेली असावी, एवढं तरी वाजवी आहे.

बाक, संडास, फाटक

वरच्या दोन जागा निमित्त. शहरातल्या बहुतेकांचा संबंध येतो गल्लीतल्या बागेशी, आणि तिथे न्याय-अन्याय ठरतो तो मिलिमीटरमध्ये.

फाटकापासून सुरुवात करू. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून बसवलेला नागमोडी लोखंडी अडथळा व्हीलचेअर, बाबागाडी आणि कुबड्या या तिघांनाही बाहेर ठेवतो. मोटारसायकलवाला मात्र मागच्या पडक्या भिंतीतून येतोच. त्याऐवजी ९०० मिलिमीटर अंतरावर खुंट लावावेत. मोटारसायकल त्यातूनही घुसेल, पण तिला अडवणं रखवालदाराचं काम आहे, लोखंडाचं नव्हे. फाटकाला उंबरा नको. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रॅम्पचा चढ १:१२ पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे ३० सेंटिमीटर चढायला ३.६ मीटर लांबी हवी. बहुतेक बागांत हा रॅम्प दीड मीटरात उरकलेला असतो. त्यावरून चढायला मागून ढकलणारे दोघे लागतात आणि उतरताना देवाचं नाव घ्यावं लागतं. वाट १८०० मिलिमीटर रुंद असली तर दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडू शकतात.

पेव्हर ब्लॉकविषयी एकदा स्पष्ट लिहायला हवं. खालचा वाळूचा थर नीट दाबलेला नसेल आणि कडेला पक्का दगडी काठ नसेल तर दुसऱ्या पावसात ब्लॉक उचकटतात, मग अर्धा इंच वर आलेल्या कडेला ठेच लागून साठीच्या पुढची माणसं पडतात. चालायला दाबलेला मुरूम किंवा खरखरीत पृष्ठभागाचं काँक्रीट बरं. मुरमाला मधून उंच, कडेला उतार असा आकार दिला, दोन टक्के उताराचा, की पाणी थांबत नाही. गुळगुळीत ग्रॅनाइट बागेत कुठेही वापरणाऱ्याला पावसाळ्यात त्यावरूनच चालवावं.

बाकाची उंची ४५० मिलिमीटर, पाठ हवीच, आणि हात टेकायला दांडी कडेला हवी. ही दांडी अलीकडे बाकाच्या मधोमध येते, कोणी आडवं होऊ नये म्हणून. रात्रपाळी करून आलेला सुरक्षारक्षक दुपारी झाडाखाली पाठ टेकतो तेव्हा तो बागेचा सर्वात योग्य उपयोग करत असतो; त्याला अडवायला लोखंड खर्च करणं हे विचित्र प्राधान्य. बाक सावलीत असावा हेही सांगावं लागतं, कारण नकाशावर बाक वाटेच्या कडेला सरळ रेषेत मांडतात आणि सावली दुपारी तीनला कुठे पडते ते कोणी पाहत नाही.

त्या दुपारचंच आणखी एक. अनेक शहरांत बागा भर दुपारी बंद असतात. घरकाम करणाऱ्या बायकांना दोन घरांच्या मधला रिकामा वेळ तेव्हाच मिळतो, डिलिव्हरीची मुलं तेव्हाच टेकायला जागा शोधतात, आणि एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या घरात बसणं अशक्य होतं तेही तेव्हाच. सावलीची गरज सर्वांत जास्त असते त्याच तासांना कुलूप. कारण विचारलं तर सफाई आणि माळ्यांची जेवणाची सुट्टी. बागेचे दोन भाग करून आलटून पालटून सफाई करता येते.

संडास नसेल तर बाई बागेत अर्ध्या तासाहून जास्त थांबत नाही. कुलूपबंद संडास हा नसलेल्या संडासासारखाच, आणि किल्ली पुरुष माळ्याकडे असेल तर त्याहून वाईट. मुलींच्या वापराचा दुसरा आधार म्हणजे नजर: वाटेवरून पुढचे तीस-चाळीस मीटर दिसले पाहिजेत. इथे मियावाकी पद्धतीच्या लागवडीची गंमत बघा. चौरस मीटरला तीन-चार रोपं, दोन-तीन वर्षांत भिंतीसारखी झाडी. रस्त्याच्या कडेला, धूळ अडवायला, पडीक कोपऱ्यात ती उत्तम. पण बागेच्या मध्यभागी, वळणाच्या वाटेवर लावली की आत माणसाला शिरता येत नाही आणि पलीकडचं दिसत नाही. वाटेपासून दोन मीटर पट्टा गुडघ्याएवढ्या झुडपांचा, त्याच्या वर झाडांच्या फांद्या सव्वादोन मीटरपर्यंत छाटलेल्या, हे साधं सूत्र पाळलं तर दाट लागवड आणि निर्धास्त चालणं दोन्ही जमतं.

पाट्या मोजा. क्रिकेट खेळू नये, डबा खाऊ नये, जोडप्यांनी बसू नये, फुलं तोडू नयेत. यातली शेवटची सोडली तर बाकीच्या पाट्या ठरावीक लोकांना उद्देशून असतात: ज्यांच्या घरात अंगण नाही, जेवायला टेबल नाही, बोलायला खोली नाही. मोठ्या बागेत अर्धा एकर धुळीचं मैदान मुलांना सोडून दिलं तर हिरवळीवरचा त्रास आपोआप कमी होतो. ओपन जिमचं लोखंड मात्र कमी नाही, प्रत्येकावर लोकप्रतिनिधीचं नाव. बेअरिंगला तेल घालायचं कोणी हे मात्र कुठल्याच पाटीवर नसतं.

जायचंच असेल तर: मलबार हिलला आठवड्याच्या मधल्या दिवशी पहाटेची पहिली किंवा दुसरी खेप घ्या, सज्जा रिकामा मिळतो, ज्येष्ठांना नेत असाल तर वाटेत पायऱ्या आणि बसायला जागा किती हे आदल्या दिवशी विचारून ठेवा, तिकीट मग काढा. धारावीच्या उद्यानाला पावसाळा ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी, सकाळी फाटक उघडताच जा, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पाण्याची बाटली घेऊन. शाळेची बस आली असेल तर आधी मागच्या खारफुटीच्या बाजूला वळा, अर्ध्या तासात मुलं डबा खायला जातात. आणि परतताना व्यवस्थापनाच्या अभिप्राय वहीत किंवा ईमेलवर संध्याकाळच्या वेळेची मागणी लेखी नोंदवा. तोंडी सूचनेला सरकारी कचेरीत आवक क्रमांक मिळत नाही.